उलटं ऑनसाईट

आमच्या मजल्यावर बसणाऱ्यांपैकी निम्मे लोक एकदा तरी अमेरिकेला ऑनसाईट जाऊन आलेत आणि उरलेले व्हिसाच्या तारखेची वाट बघतायत. (आकडा मी डोळ्यांनी मोजलाय, एचआरला विचारू नका.) पण याच्या बरोबर उलट, म्हणजे अमेरिकेहून मुंबईला काम घेऊन राहायला आलेले पहिले लोक कोण असतील? अमेरिकन व्यापारी जहाजं आधीपासून येत होती, पण ती माल उतरवायची, माल भरायची आणि परत जायची. इथे बिऱ्हाड करायचं, मराठी शिकायची आणि इथल्याच लोकांत काम करायचं, असं ठरवून आलेली पहिली अमेरिकन मंडळी माझ्या माहितीप्रमाणे मुंबईत उतरली ११ फेब्रुवारी १८१३ रोजी. गॉर्डन हॉल, वय २८. सॅम्युएल नॉट, वय २४. आणि नॉटची बायको रोक्साना.

काम होतं ख्रिस्ती धर्माचा प्रसार.

आता 'मिशनरी' हा शब्द आला की वाचणाऱ्याने आपली बाजू निवडलेली असते, हे मला ठाऊक आहे. मी ख्रिस्ती नाही. धर्मांतर बरं की वाईट या वादावर इंटरनेटवर आधीच पुरेसं लिहिलं गेलंय, त्यात भर घालायची हौस नाही. हॉलबद्दल मला पडलेला प्रश्न साधा आहे, आणि आपल्यासारख्या दर सहा महिन्यांनी अप्रेझलचा फॉर्म भरणाऱ्यांनाच तो पडावा असा आहे. हा माणूस मुंबईत तेरा वर्षं राहिला. ज्या कामासाठी आला होता त्याचा हिशोब त्याच्याच मोजपट्टीने केला, तर हाती जवळजवळ शून्य. बरोबरीचे लोक एकेक करून मेले किंवा आजारी पडून परत गेले. मग हा रोज सकाळी उठायचा कसा?

थोडं मागे जाऊया. ऑगस्ट १८०६. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे विल्यम्स कॉलेजची पाच पोरं शेतात प्रार्थना करायला जमली होती. वादळी पाऊस आला, तशी ती गवताच्या एका गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथे बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं की आपण आशियात जायचं. अमेरिकेच्या मिशनरी इतिहासात ही गवताची गंजी फार पूजनीय आहे, तिच्या नावाने तिथे स्मारकही आहे. हॉल त्या दिवशी तिथे नव्हता. पण होता त्याच कॉलेजात, आणि लवकरच त्यांच्यात सामील झाला. १८०८ मधे या मुलांनी एक गुप्त मंडळ काढलं आणि त्याची घटना चक्क सांकेतिक लिपीत लिहिली! कारण लोक हसतील अशी भीती. कॉलेजातल्या मुलांनी उठून जगाच्या दुसऱ्या टोकाला धर्मप्रसाराला जायचं ही कल्पना तेव्हा अमेरिकेतही वेडगळच होती. त्या देशाने तोवर परदेशात मिशनरी पाठवण्यासाठी एकही संस्था काढलेली नव्हती. या मुलांनी मोठ्या पाद्री मंडळींपुढे अर्ज टाकला, तेव्हा कुठे १८१० मधे 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था निघाली. म्हणजे इंटर्न मंडळींनी कंपनीला कंपनी काढायला लावली.

हॉलला दरम्यान गावातल्या एका चर्चची कायमची जागा चालून आली होती. राहायला घर, ठरलेला पगार, मान. त्याने ती नाकारली. मग तो आणि त्याच्याच वयाचा सॅम्युएल न्यूएल फिलाडेल्फियाला जाऊन थोडं वैद्यक शिकून आले, परदेशात उपयोगी पडेल म्हणून. (हे वैद्यक लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

६ फेब्रुवारी १८१२ ला सेलम गावातल्या चर्चमधे पाच जणांना एकाच वेळी दीक्षा मिळाली: हॉल, नॉट, न्यूएल, अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राईस. त्याच महिन्यात ते दोन वेगवेगळ्या जहाजांतून कलकत्त्याला निघाले. जडसन आणि न्यूएल आपापल्या बायकांसह एका जहाजात, बाकीचे दुसऱ्यात. न्यूएलची बायको हॅरिएट तेव्हा अठरा वर्षांची होती.

पुढचं सगळं बिनसत गेलं. दुसरं जहाज अजून वाटेत असतानाच, जून १८१२ मधे, अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. म्हणजे निघाले तेव्हा साधे परदेशी होते, आणि बघता बघता शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. ईस्ट इंडिया कंपनीला तसेही मिशनरी नकोच होते, धर्माच्या भानगडीत व्यापार बुडेल म्हणून. कलकत्त्यात हुकूम निघाला: चालते व्हा. जडसन आणि राईस तर वाटेत अभ्यास करता करता बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर मत बदलून बॅप्टिस्ट झाले, म्हणजे ज्या संस्थेने पाठवलं तिच्यातूनच बाहेर. पाच जणांची टीम, पहिल्या सहा-आठ महिन्यांत दोघं कमी.

न्यूएल आणि हॅरिएटला मॉरिशसकडे जाणारं जहाज मिळालं. ती गरोदर होती. समुद्रावरच दिवस पुरे होण्याआधी मुलगी झाली आणि ती पाच दिवसांत गेली. मॉरिशसला पोचल्यावर, ३० नोव्हेंबर १८१२ ला, क्षयाने हॅरिएट गेली. वय १९. जिथे काम करायचं त्या देशात तिला नुसतं पाऊल टेकवून निघावं लागलं होतं.

'काय मिळवलं?' हा प्रश्न हॅरिएटच्या बाबतीत विचारायलाही नको वाटतं. पण गंमत (हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) अशी की तिची डायरी आणि पत्रं १८१४ मधे पुस्तकरूपात आली आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेतल्या लहान लहान गावांतल्या मुलींनी ते वाचलं आणि पुढे कित्येक जणी या कामाकडे वळल्या. काहीही करायच्या आत मेलेली ही मुलगी पुढच्या पिढीची सगळ्यात मोठी प्रेरणा ठरली. तिला कुणी विचारलं असतं तर तिने हे नक्कीच मागितलं नसतं.

इकडे हॉल आणि नॉट कलकत्त्याहून सटकून मुंबईला आले. पण हुकूम त्यांच्या मागोमाग मुंबईला पोचलाच: या दोघांना पकडून इंग्लंडला रवाना करा. इथे पहिल्यांदा त्यांचं नशीब थोडं हसलं. मुंबईचा गव्हर्नर होता सर इव्हान नेपियन, स्वतः धार्मिक वृत्तीचा, बायबल सोसायटीच्या कामात रस घेणारा. वरचा हुकूम मोडणं त्याला शक्य नव्हतं, पण तो लांबवणं शक्य होतं. पत्रव्यवहार चालू ठेवायचा, खुलासे मागवायचे, कलकत्त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. सरकारी दिरंगाईबद्दल आपण आयुष्यभर बोटं मोडतो, पण तिच्याबद्दल देवाचे आभार मानणारेही या मुंबईत होऊन गेलेत!

या दोघांनी मात्र मधेच घाई केली. १८१३ च्या अखेरीस, आता आपल्याला बोटीत चढवणारच असं दिसल्यावर, ते एका गलबतातून गुपचूप कोचीनला पळाले. तिथून सिलोनला जायचा बेत होता. पकडले गेले आणि मुंबईला परत आणले गेले. गव्हर्नरची पंचाईत झाली, कारण त्याने त्यांची बाजू उचलून धरली होती आणि हे पसार झाले होते. तेव्हा त्यांनी नेपियनला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात कायद्याचा मुद्दा असा फारसा नव्हताच. आम्ही निरुपद्रवी माणसं आहोत, ज्याची आज्ञा घेऊन आलो तोच तुमचाही देव आहे आणि त्याच्यापुढे तुम्हालाही उभं राहायचंय, असा सगळा सूर. आजच्या भाषेत थेट इमोशनल अत्याचार. पण तो लागू पडला. बोटीवर चढायची वेळ आलेली असताना त्यांना तूर्त राहू द्यायचं ठरलं. तोवर इंग्लंडात १८१३ च्या चार्टर कायद्याने मिशनऱ्यांना हिंदुस्थानचं दार किलकिलं झालं होतंच. यथावकाश परवानगी पक्की झाली.

आणि मग मार्च १८१४ मधे न्यूएल मुंबईला आला.

या भेटीपाशी मी जरा थांबतो, कारण हॉलला हुरूप कशाने आला या प्रश्नाचं माझ्या मते निम्मं उत्तर इथे आहे. बायको आणि मूल गमावून न्यूएल मॉरिशसहून एकटाच सिलोनला गेला होता. मुंबईतल्या मित्रांना इंग्लंडला पाठवणार आहेत अशी बातमी त्याच्या कानावर होती, तेव्हा आता या खंडात आपण एकटेच उरलो असं धरून त्याने तिथे काही महिने काम केलं. टेलिफोन नाही, तार नाही. बोस्टनला पत्र टाकलं तर जायलाच चार-पाच महिने, तेही जहाज मिळालं तर, आणि वर युद्ध चालू. आपल्याकडे अर्धा दिवस नेट गेलं तर 'आम्ही जगापासून तुटलो' म्हणतात. मग कळलं की हॉल आणि नॉट मुंबईतच आहेत, आणि हा निघाला. सेलमच्या चर्चमधे एका बाकावर बसलेली ही पोरं दोन वर्षांनी मुंबईत एकमेकांना भेटली. न्यूएलकडे सांगण्यासारखं एकही यश नव्हतं. हॉलकडेही नव्हतं. पण पुढची सात वर्षं ही जोडी टिकली. नॉट मात्र तब्येतीमुळे १८१५ मधेच परत गेला. (तो खूप जगला, १८६९ पर्यंत. पाचांतला शेवटचा.)

तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. पुण्यात अजून दुसरा बाजीराव गादीवर आहे. म्हणजे ठाण्यापलीकडे फारसं जाता येत नाही, सगळं काम मुंबई, माहीम, साष्टी एवढ्यातच. बाळशास्त्री जांभेकर दोन वर्षांचे आहेत. मोल्सवर्थचा कोश यायला अजून सतरा वर्षं आहेत. कॅरीने श्रीरामपूरला बसून केलेला एक कोश आणि एक व्याकरण एवढीच मराठी शिकायची इंग्रजी सामग्री, बाकी सगळं शास्त्रीबुवांच्या तोंडून. अशा स्थितीत हॉल मराठी शिकला, आणि बायबलचं भाषांतर करण्याइतकी शिकला. रस्त्यावर, बाजारात, देवळाच्या आवारात जाऊन लोकांशी मराठीत बोलू लागला. १८१६ मधे त्याने मुंबईत राहणाऱ्या मार्गारेट लुईस या इंग्रज बाईशी लग्न केलं.

लोक काय करायचे? ऐकायचे. वाद घालायचे. आपल्याकडे वाद घालायला कधी कुणाला कमी पडलंय? आणि मग आपापल्या घरी जायचे. १८१९ मधे हैदराबादकडच्या एका मुसलमान माणसाने बाप्तिस्मा घेतला, ती मोठी बातमी. पण ज्या मराठी हिंदूंसाठी तो आला होता त्यांच्यातून हॉलच्या हयातीत त्याच्या चर्चमधे जवळजवळ कुणीच आलं नाही.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. आपल्याबद्दल या लोकांचं मत काही चांगलं नव्हतं. आपले देव म्हणजे मूर्ती, आपली पूजा म्हणजे अंधार, आपण म्हणजे नरकाकडे निघालेली गर्दी. त्यांचे अहवाल या भाषेने भरलेले असतात आणि आज वाचताना मधेच पुस्तक मिटावंसं वाटतं. अमेरिकेतून वर्गणी गोळा करायला अशी भडक भाषा उपयोगी पडायची हेही खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. ते हे मानत होते. हॉलबद्दल आपुलकी वाटते म्हणून एवढं झाकून ठेवणं मला पटत नाही. आणि एवढं वाचून हॉलला सोडून देणंही पटत नाही, कारण त्याच्या डायऱ्यांतला अंधार आणि त्याचं रोजचं वागणं यांचं गणित जुळत नाही. अंधारातल्या लोकांशी दिवसचे दिवस त्यांच्याच भाषेत बोलत बसणारा माणूस त्यांना थोडंतरी मोजत असणारच.

मोजण्यावरून आठवलं. १८१८ मधे हॉल आणि न्यूएलने मिळून एक पुस्तिका लिहिली, ती अमेरिकेत छापली गेली. विषय: सगळ्या जगाचं धर्मांतर. त्यात त्यांनी सरळ हिशोब मांडलाय. जगात साठ कोटी लोक ख्रिस्तापासून दूर आहेत, दर वीस हजारांमागे एक मिशनरी, म्हणजे एकूण तीस हजार मिशनरी पाठवा! हा एस्टिमेट मांडला गेला तेव्हा मुंबईतलं एकूण मनुष्यबळ पाच-सहा. मी बरेच अशक्य प्रोजेक्ट प्लॅन पाहिलेत, पण याला तोड नाही. आणि तरीही मला ही पुस्तिका हास्यास्पद वाटत नाही. हाती काहीच लागत नसताना माणूस एकतर मोजणं सोडतो, किंवा इतकं मोठं मोजतो की आजचं अपयश त्यात दिसेनासं होतं. यांनी दुसरा मार्ग घेतला.

आणखी एक गोष्ट होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेतल्या चर्चमधे मिशनच्या कामासाठी सामुदायिक प्रार्थना व्हायची. तोच दिवस मुंबईतही पाळला जायचा. पत्र पोचायला अर्धं वर्ष लागणाऱ्या जगात, आज आपल्या गावी लोक आपलं नाव घेतायत एवढं नक्की माहीत असणं, हे काय चीज असेल याची कल्पना करून बघा. ना सिग्नल, ना सर्व्हर, नुसतं कॅलेंडर. दोन्ही टोकांना एकच वेळ ठरलेली, बस्स. (महिन्यातून एकदा होणारी आणि लोकांना हवीहवीशी वाटणारी मीटिंग मी तरी दुसरी ऐकलेली नाही.)

रोजचं काम मात्र पुढे सरकत होतं, आणि त्यात दोन गोष्टी डोळ्यांना दिसत होत्या. पहिली, शाळा. मराठी शाळा, फुकट. पंतोजी बहुतेक ब्राह्मणच ठेवलेले, बेने इस्रायल मुलांसाठी यहुदी शिक्षक. आईबापांनी हिशोब साधा केला: पोरगं लिहा-वाचायला शिकतंय ना, मग पाद्र्याच्या चार गोष्टी ऐकेना का. शाळा वाढत गेल्या. १८२४ मधे मुलींची शाळा निघाली, मुंबईतली मुलींची पहिली शाळा म्हणून हिचीच नोंद केली जाते.

आणि दुसरी, छापखाना. १८१६ च्या अखेरीस होरेशिओ बार्डवेल नावाचा नवा मिशनरी आला, त्याला छपाईचं थोडंफार ज्ञान होतं. कलकत्त्याहून टाईप आणले आणि १८१७ मधे आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका निघाली. श्रीरामपूरला मराठी मजकूर मोडीत छापला जायचा. यांनी बाळबोध धरली. आज हे तुम्ही ज्या लिपीत वाचताय तीच.

बाकीचं जमाखर्चात मांडलं तर खर्चाची बाजू अशी. २१ मधे बार्डवेल आजारपणाने परत गेला. त्याच वर्षी ३० मे ला न्यूएल पटकीने गेला, वय ३६. १८२४ मधे ठाण्याला काम करणारा निकल्स गेला. १८२५ मधे फ्रॉस्ट गेला, त्याला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच वर्षी मुलांच्या तब्येतीसाठी मार्गारेट दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. थोरला मुलगा वाटेत जहाजावरच वारला. हॉल स्वतः गेला नाही, मुंबईतच थांबला. मराठी नव्या कराराची छपाई शेवटच्या टप्प्यात होती.

मला राहून राहून वाटतं की या टप्प्यावर तो गेला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. तेरा वर्षं झाली होती, तब्येतीचं कारण सगळ्यांनीच दिलेलं. पण रिलीज तोंडावर आलेला असताना जाणारा हा माणूस नव्हता.

मार्च १८२६ च्या सुरुवातीला तो दोन मुलांना बरोबर घेऊन नाशिककडे निघाला, पुस्तिका वाटत, लोकांशी बोलत. पेशवाई जाऊन आठ वर्षं झाली होती, घाटावरचा मुलूख आता मोकळा होता. नाशिकला पोचला तर तिथे पटकीची साथ. माणसं पटापट मरत होती. फिलाडेल्फियाचं जुनं वैद्यक इथे उपयोगाला आलं. तो काही दिवस तिथे राहून रोग्यांना औषध देत फिरला आणि बरोबरचं बहुतेक औषध वाटून संपल्यावर परत निघाला. नाशिकपासून तीसेक मैलांवर एका गावी १९ मार्चच्या रात्री मुक्काम पडला. जुन्या नोंदींत गावाचं नाव दोडी-दापूर असं येतं. झोपायला जागा मिळाली देवळाच्या पडवीत. तिथे आधीच दोन आजारी माणसं पडलेली होती. पहाटे चारच्या सुमारास हॉलला पटकीने गाठलं. उरलेलं औषध घेतलं ते पोटात टिकलं नाही. दुपारच्या आत तो गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

बरोबरच्या दोन मुलांनी गावात कशीबशी जागा मिळवली, खड्डा खणला आणि पेटीशिवाय, कांबळ्यात गुंडाळून त्याला पुरलं. तेरा वर्षं ज्या देवळांविरुद्ध बोलला, त्यांतल्याच एकाच्या पडवीत त्याचा शेवटचा दिवस गेला. मला यात कुणावर काव्यात्म न्याय वगैरे झालेला दिसत नाही. आपल्याकडे वाटसरूने रात्री अंग टाकायची जागा म्हणजे देऊळ, ती त्याच्यासाठीही उघडी होती, इतकंच.

मराठी नवा करार त्याच वर्षी, १८२६ मधे, छापून पूर्ण झाला. बार्डवेलने पुढे अमेरिकेत १८३४ मधे हॉलचं चरित्र लिहिलं. धाकटा मुलगा, त्याचंही नाव गॉर्डन हॉल, तिकडेच मोठा झाला आणि पाद्री झाला.

हॉलच्या मोजपट्टीने जे शून्य होतं, ते दुसऱ्या मोजपट्टीने काय होतं तेही बघू. त्याच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, १८२७ मधे, सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका मुंबईत आली. मुंबईत मुलींच्या शाळा सांभाळून ती पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ मधे वारेपर्यंत तिथेच शिकवत राहिली. मधल्या काळात पुण्याहून एक तरुण ती शाळा बघायला नगरला आला होता. तिथल्या मुलींच्या शाळेची शिस्त बघून त्याने ठरवलं की आपल्या पुण्यातही अशी शाळा हवी. १८४८ मधे त्याने ती भिड्यांच्या वाड्यात काढली. जोतीराव फुले हे नाव सांगायला नकोच. मिशनच्या शाळांमधून ख्रिस्ती किती झाले याचा तक्ता हॉलच्या वारसांनी बारकाईने ठेवला असेल, पण हा रकाना त्यात नव्हता.

छापखान्याची गोष्ट तर याहून तिरकस आहे. मुंबईचा अमेरिकन मिशन प्रेस म्हणजे बाळबोध टाईपची शाळाच झाली. त्या छापखान्याचं काम बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाछापखाना उभा केला आणि १८३१ मधे त्यावर छापलं काय, तर पंचांग! एकादशी, संकष्टी, ग्रहणं, मुहूर्त, सगळं घरोघर. पुढे याच मिशन प्रेसमधे एक गरीब मराठी पोरगा महिना दोन रुपये पगारावर लागला आणि टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली अक्षरं पाडायला शिकला. त्याचं नाव जावजी दादाजी. त्याने १८६४ मधे स्वतःचा टाईपचा कारखाना काढला, १८६९ मधे छापखाना, नाव निर्णयसागर. वेद, पुराणं, काव्यं, शास्त्रग्रंथ, जे काही संस्कृतात छापण्यासारखं होतं ते निर्णयसागरने इतक्या शुद्ध आणि देखण्या टाईपात छापलं की देशभरचे पंडित त्याच प्रती मागवायचे. तुमच्या आजोबांच्या कपाटात एखादी असेल, बघा.

हॉलला हे कळलं असतं तर तो कपाळाला हात लावून बसला असता, याबद्दल मला शंका नाही. मूर्तिपूजा संपवायला आणलेल्या यंत्राच्या वंशात सत्यनारायणाची पोथी जन्माला आली.

त्याच मिशनमधे पुढे जस्टिन अॅबट नावाचा मिशनरी होऊन गेला. १९१० च्या सुमारास निवृत्त होऊन तो न्यू जर्सीत राहायला गेला आणि तिथे म्हातारपणी त्याने एकच काम धरलं: मराठी संतांची चरित्रं आणि रचना इंग्रजीत आणणं. मालिकेतलं पहिलं पुस्तक भानुदासांवर, मग एकनाथ, मग बहिणाबाई, तुकाराम, अशी एकामागून एक येत गेली. मालिका सुरू झाली १९२६ मधे. हॉलला दोडी-दापूरला पुरलं त्याला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती.